सूर्याच्या डागाचं सगळं भांडण धुऱ्यावर

वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

या खेपेला पत्रं जवळपास सगळी उन्हाचीच आली, आणि त्यात आश्चर्य काही नाही, आमच्याकडंही सकाळी दहानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पहिलं पत्र मात्र इतकं भारी आहे की निम्म्याच्या वर जागा त्यालाच देतोय, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : आमच्या वावरातल्या कोठ्याच्या टिनाले एक भोक हाय, खिळा निंगाला तिथचं. दुपारी तिथून ऊन खाली सारवणावर पडते त बरोब्बर गोल, रुपयासारखं दिसते, भोक तर वाकडंतिकडं हाय. पोरगी दहावीले हाय, थे म्हणे बाबा हा सूर्यच हाय. मंग तिनं आरशाले कागद चिकटवला, त्याले बारकं भोक पाडलं अन् शाळेच्या अंगणातून समोरच्या अंधाऱ्या खोलीत भिंतीवर कवडसा पाडला, त मोठा गोल आला अन् त्याच्यात दोन काळे ठिपके. आम्ही म्हटलं आरसा घाण असन. पुसला, त ठिपके तिथंच. दुसऱ्या दिवशी पाह्यलं त थोडे सरकले होते. सर म्हणे ते सूर्यावरचे थंड डाग हायेत. आता सूर्यावर थंड कायचं राहीन? अन् पोरगी मोबाईलात पाहून सांगते का त्या डागाच्या भोवताल बारके बारके स्फोट होऊन रायले. खरं हाय काय?
(एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : राजेहो, पहिले पोरीची पाठ थोपटा. आरसा पुसायची गरज नव्हती, कारण एवढ्या लांबून आरशावरचा मळ भिंतीवर उमटतच नाही, टिनाचं भोक वाकडं असून खाली गोल गोलच पडतो ना, तसंच ते. तरी शंका असली तर आरसा हातातल्या हातात चाकासारखा फिरवून पाहायचा, ठिपके जागचे हलले नाहीत म्हणजे ते सूर्याचे.

हिशोब सोपा आहे. भोकापासून जेवढं अंतर असेल त्याला १०७ नं भागायचं, येईल तेवढा सूर्याचा गोल. टिन ३ मीटरवर असेल तर २.८ सेंटिमीटर, म्हणून तुम्हाला रुपयासारखा दिसला. आरसा भिंतीपासून ३० मीटर दूर धरला असेल तर २८ सेंटिमीटर, म्हणजे जेवायच्या ताटाएवढा. आता या ताटात १३ लाख ९२ हजार किलोमीटरचा सूर्य बसला म्हटल्यावर आपली पृथ्वी किती, तर अडीच मिलिमीटर, तिळाएवढी. तुमच्या पोरीला दिसलेले ठिपके हरभऱ्याच्या दाण्याएवढे तरी असणार, त्याहून फार बारीक असते तर या आरशात पुसटच झाले असते. म्हणजे एकेका ठिपक्यात दोन-तीन पृथ्व्या शेजारीशेजारी मावतील. आणि ते सरकले ते सूर्य स्वतःभोवती फिरतो म्हणून, या काठावरून त्या काठावर जायला डागाला साधारण १३-१४ दिवस लागतात.

आता थंडचं. सर बरोबरच बोलले, फक्त अर्धं बोलले. सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास आहे आणि मोठ्या डागाचा मधला काळा भाग साडेतीन-चार हजाराच्या आसपास. लोखंडाचं पाणी १५३८ ला होतं, तेव्हा हा थंडपणा कसला ते समजून घ्या. भोवतालच्या झगझगाटापुढं काळा वाटतो एवढंच, तोच मोठा डाग नुसता कापून रात्रीच्या आकाशात टांगला तर पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा कितीतरी जास्त उजेड पडेल.

तो भाग कमी तापलेला का, तर तिथं चुंबकाचा जोर आहे. सूर्याच्या आतली उष्णता शेवटच्या टप्प्यात उकळत उकळत वर येते, गरम वायू वर येतो, थंड होतो, बाजूला सरकून खाली जातो, चुलीवरचं वरण रटरटतं अगदी तसं. याचे वरून जे बुडबुडे दिसतात ते एकेक हजार किलोमीटरचे, आठ-दहा मिनिटं टिकणारे. पण हा वायू साधा नाही, विजेचा भार असलेला आहे, आणि असा वायू चुंबकाच्या रेषांना धरून पळू शकतो, रेषा आडव्या ओलांडू शकत नाही. दाट तुरीत बैलजोडी घातली तर तासातून सरळ जाते पण आडवी वळवता येत नाही ना, तसं. डागात चुंबकाच्या रेषा उभ्या आणि एकदम दाट, मग वायूला बाजूला वळताच येत नाही, उकळणं मंदावतं, खालची उष्णता वर पोचत नाही, वरचा भाग निवतो.

मंदावतं म्हणालो, थांबतं नाही म्हणालो. इथूनच तुमच्या पोरीच्या प्रश्नाची खरी मजा सुरू होते.

बेसन घट्ट झालं की रटरटणं बंद होतं पण मधूनच एखादा बुडबुडा फद्दकन वर येतो आणि हात भाजतो, हे घरोघरी माहीत आहे. डागाच्या काळ्या भागातही असेच बारके चमकते ठिपके उमटतात, साधारण दोन-तीनशे किलोमीटरचे, दहाएक मिनिटांत विझणारे. तुमच्या भिंतीवरच्या ताटात हा ठिपका डोक्याच्या केसाच्या जाडीएवढाही भरणार नाही. म्हणून तर गॅलिलिओच्या काळापासून लोक डाग बघतायत पण डागाच्या आतलं हे बारीक काम मोठ्या दुर्बिणी आणि यानं आल्यावरच नीट दिसायला लागलं. कधीकधी काळ्या भागातून उजळ पट्टाच आरपार जातो, वैशाखात काळ्या मातीला भेग पडते तसा, फक्त ही भेग उजेडाची. असा पट्टा दिसला की बरेचदा डाग फुटायच्या बेतात असतो. आणि काळ्या भागाच्या वरच्या थरात दर तीनेक मिनिटांनी चमक येते-जाते, ती १९६९ मध्ये सापडली, डागाची नाडीच म्हणा.

काळ्या भागाभोवती करड्या धाग्यांची झालर असते. बोंड उकलल्यावर कापूस बाहेर पसरतो तशी. या झालरीत काही चुंबकरेषा तिरप्या उभ्या असतात आणि काही जवळजवळ आडव्या पडलेल्या, दोन्ही एकमेकींत घुसलेल्या, पोरीचे न विंचरलेले केस म्हणा ना. आता तिरपी आणि आडवी एकमेकीला घासल्यावर काय होणार? २००७ मध्ये जपानच्या हिनोडे यानाच्या चित्रांत शास्त्रज्ञांना इथं बारक्या चमकत्या पिचकाऱ्या दिसल्या, लांबी हजार ते चार हजार किलोमीटर, रुंदी चारशेच्या आसपास, आणि आयुष्य किती तर फार तर एक मिनिट. तुम्ही बिडी पेटवून दोन झुरके घेता तेवढ्यात तिकडं भारताच्या लांबीएवढी पिचकारी उडून विझलेली असते. आणि अशा एक-दोन नाही, झालरीत इथंतिथं उडतच असतात.

झालरीच्या बाहेर आणखी एक पट्टा असतो, दहा-वीस हजार किलोमीटर रुंद, तिथं वायू डागापासून बाहेर वाहतो. या वाहत्या पट्ट्यातून चुंबकाचे बारके बारके तुकडे डागापासून निघून बाहेर सरकत जातात, सेकंदाला अर्धा ते एक किलोमीटर अशा चालीनं. हे मला सगळ्यात जास्त आवडतं, खरं सांगतो. कारण लोकांना वाटतं डाग म्हणजे एक अख्खा दगड. तसं नाही. आधी चुंबकाचे सुटे तुकडे आतून वर येतात, एकत्र होतात, बिनझालरीचं बारकं छिद्र तयार होतं, अशी छिद्रं जमून डाग बनतो, ओटीत मुठीमुठीनं कापूस जमावा तसा. आणि मोडतोही तसाच, धुऱ्याची म्हणजे बांधाची माती पावसात ढेकूळ ढेकूळ वाहून जाते तसा कडेकडेनं. काही डाग दोन दिवसांत जातात, काही महिना-दोन महिने टिकतात.

आता ते स्फोट. दारूगोळ्याचा स्फोट नाही तो, तिथं जळायला काही नसतं. चुंबकाला दोन टोकं असतात हे पोरीला माहीत आहेच. डागाच्या आसपास एका टोकाचा तुकडा वाहत वाहत उलट्या टोकाच्या तुकड्याला भिडला की त्यांच्या रेषा तुटतात आणि दुसऱ्याच पद्धतीनं जोडल्या जातात. अंबाडीच्या दोराला पीळ जास्त झाला की तो हातात गुंडाळतो, आणि सोडला की सटकन उलटा फिरतो, त्या फिरण्यातला जोर कुठून आला? तुम्ही पिळताना भरलेला. चुंबकरेषांचंही तसंच, साठलेला जोर मोकळा होतो आणि आसपासचा वायू तापतो, फेकला जातो. आता तुम्हीच सांगा, गावात भांडणं वावराच्या मधात होतात का धुऱ्यावर? माझ्या वावरात मी कायले भांडीन? दोन वावरं जिथं लागतात तिथंच कुऱ्हाडी निघतात. सूर्यावरही डागाचा मधला काळा भाग त्या मानानं शांत, आणि झालर, बाहेरचा पट्टा, नवीन तुकडे वर यायच्या जागा, अशा धुऱ्याधुऱ्यावर सगळी मारामारी.

ही गोष्ट अगदी नवीही नाही बरं का. १९१७ मध्ये अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत फर्डिनांड एलरमन यांना हायड्रोजनच्या प्रकाशात डागांजवळ काही मिनिटं टिकणारे बारके लखलखाट दिसले आणि त्यांनी त्याला चक्क हायड्रोजन बॉम्ब नाव दिलं. खरा हायड्रोजन बॉम्ब यायला तेव्हा पस्तीस वर्षं होती! आज त्यांना एलरमन बॉम्ब म्हणतात, आणि दोन उलट टोकं खालच्या थरात भिडतात तिथं ते होतात हे आता बऱ्यापैकी पक्कं झालंय. २०२० मध्ये सोलर ऑर्बिटर यानानं सूर्याच्या ७ कोटी ७० लाख किलोमीटर जवळ जाऊन चित्रं घेतली, त्यात वरच्या वातावरणात शेकोटीसारखे असंख्य बारके उजळे दिसले, त्यांना नावही कॅम्पफायर म्हणजे शेकोटीच दिलंय. ते डागांजवळच असतात असं नाही, डाग नसलेल्या शांत भागातही दिसले. सूर्याचं बाहेरचं वातावरण दहा लाख अंशांच्या वर तापलेलं का, पृष्ठभाग तर साडेपाच हजार, हे जुनं कोडं आहे. १९८८ मध्ये यूजीन पार्कर या शास्त्रज्ञांनी मांडलं की असंख्य अगदी बारक्या भडक्यांची बेरीज हे काम करत असेल. लाटांमुळं तापतं म्हणणारेही आहेत आणि वाद अजून मिटलेला नाही.

आणि ठिपके दोन का, हे तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. डाग बरेचदा जोडीनं येतात कारण चुंबकाची नळी आतून कमानीसारखी वर येते, जिथून निघते तो एक डाग, जिथून परत आत जाते तो दुसरा. बंडीच्या जोडीत उजव्या खांद्याचा बैल डाव्याला जुंपत नाही तसं यांचंही ठरलेलं, सूर्याच्या उत्तर भागात पुढचा डाग एका टोकाचा तर मागचा उलट, दक्षिण भागात सगळं उलटं, आणि साधारण ११ वर्षांनी नवी फेरी आली की जागा अदलाबदल. पोरीला रोज त्याच वेळी कागद भिंतीवर लावून पेन्सिलनं खुणा करायला सांगा. पंधरा दिवसांची वही झाली की तिला स्वतःलाच दिसेल की ठिपके नुसते सरकत नाहीत, आकारही बदलतात.

प्रश्न : ग्रुपवर मेसेज फिरतोय की सूर्यावर डाग वाढल्यामुळं यंदा पाऊस दगा देणार आणि मोबाईल, लाईट सगळं बंद पडणार. सोयाबीन पेरायची की नाही?
(एक वाचक, मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : पेरणी डागावर ठरवू नका, जमिनीत ओल किती गेली त्यावर ठरवा. डाग आणि पीक यांची सांगड घालायचा नाद जुना आहे, १८०१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी डागांची संख्या आणि गव्हाचा भाव जुळवून पाहिला होता, तेव्हाही लोक हसले होते. डाग कमी-जास्त होण्याच्या त्या ११ वर्षांच्या फेरीत सूर्याची एकूण उष्णता बदलते ती हजारात एक भाग, आणि तीही उलट दिशेनं, म्हणजे डाग जास्त तेव्हा सूर्य किंचित जास्त प्रखर! कारण डागांभोवती जे बारक्या चुंबक-तुकड्यांचे उजळ ठिपके पसरतात ते डागांनी अडवलेल्या उजेडापेक्षा जास्त उजेड देतात. पुन्हा बारक्यांचंच राज्य. आपल्या पावसाचं गणित समुद्राच्या तापण्यावर, वाऱ्यांवर, एल निनोवर जास्त चालतं.

लाईट-मोबाईलचं म्हणाल तर त्यात थोडं तथ्य आहे, पण मेसेजवाल्यानं फोडणी जास्तच घातली. सूर्यावर मोठा भडका उडाला आणि त्यातून निघालेला वायू आपल्याकडं आला तर पृथ्वीचं चुंबकत्व डळमळतं. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्युबेकमध्ये अशाच वादळानं नऊ तास लाईट गेली होती. (आमच्याकडं नऊ तास जायला सूर्य लागत नाही, एक डीपी जळली की पुरे, पण तो विषय वेगळा.) मे २०२४ मध्ये १०-११ तारखेला २० वर्षांतलं सगळ्यात जोरदार वादळ आलं, लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल उजेड दिसला, आणि अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटले म्हणून काही शेतकऱ्यांना थांबावं लागलं. आपल्या बैलजोडीला काही झालं नाही. त्या वेळचा डाग, १३६६४ नंबरचा समूह, इतका मोठा होता की ग्रहणाचा चष्मा लावून नुसत्या डोळ्यानं दिसत होता. त्याच्या पोटात उलट टोकांचे तुकडे एकमेकांत गुंतून बसले होते, धुराच धुरा, वावर कमी. असा गुंता दिसला की शास्त्रज्ञ सावध होतात.

प्रश्न : मी विज्ञान शिकवतो. मुलं विचारतात की १५ कोटी किलोमीटरवरचं चुंबकत्व मोजलं कसं, तिथं कंपास घेऊन कोण गेलं? नीट पटेल असं उत्तर द्या.
(एक शिक्षक, देवळी, जि. वर्धा)

उत्तर : सर, कंपास प्रकाशानंच वाहून आणला. सूर्याचा प्रकाश रंगांत फोडला की त्यात काळ्या बारीक रेषा दिसतात, एकेका मूलद्रव्याच्या ठरलेल्या जागी. १८९६ मध्ये पीटर झेमान यांनी प्रयोगशाळेत पाहिलं की तापलेल्या वायूजवळ जोरदार चुंबक आणला की अशा रेषा रुंदावतात, फुटतात, एकीच्या दोन-तीन होतात, आणि चुंबक जितका जोरदार तितकी फूट जास्त. १९०८ मध्ये जॉर्ज एलरी हेल यांनी माउंट विल्सनवरून डागाच्या प्रकाशात हीच फूट शोधून काढली. पृथ्वीबाहेर चुंबकत्व सापडल्याची ती पहिली वेळ. मोठ्या डागाच्या मध्यभागी हा जोर दोन ते चार हजार गॉस (गॉस म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं माप) निघतो, आपल्या पायाखालच्या पृथ्वीचा अर्ध्या गॉसच्या आत-बाहेर, फ्रिजच्या दाराला चिकटवायचा चुंबक शंभराच्या आसपास. मुलांना सांगा की चार हजार गॉस ऐकायला फार नाही वाटत, पण तो तीस-चाळीस हजार किलोमीटर पसरलेला आहे, वांधा तिथं आहे.

आपल्या देशाचाही यात वाटा आहे तो वर्गात जरूर सांगा. जानेवारी १९०९ मध्ये कोडाईकनालच्या वेधशाळेत जॉन एव्हरशेड यांना दिसलं की डागाच्या झालरीतल्या रेषा सरकलेल्या आहेत, एका बाजूच्या निळ्याकडं, दुसऱ्या बाजूच्या लालकडं. म्हणजे झालरीतला वायू काळ्या भागापासून आडवा बाहेर वाहतोय, सेकंदाला एक-दोन किलोमीटर. एसटी हॉर्न वाजवत येते तेव्हा आवाज चढा आणि निघून गेली की खाली येतो, तीच युक्ती उजेडाला लावली. आज हे सगळं एव्हरशेड परिणाम म्हणून जगभर शिकवतात. उदयपूरच्या फतेहसागर तलावातल्या बेटावर सौर वेधशाळा आहे, चारी बाजूनं पाणी असल्यानं हवा थरथरत नाही, आणि बारीक गोष्टी बघायच्या तर हवेची थरथरच मोठी अडचण, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पलीकडची एसटी कशी लवलवते ते मुलांना दाखवा म्हणजे लगेच समजेल. त्याच्याही पुढची सोय म्हणजे हवेच्या बाहेरच जायचं. आदित्य-एल१ हे आपलं यान २ सप्टेंबर २०२३ ला निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आपल्या जागी पोचलं. त्यावरची अतिनील प्रकाशात सूर्याचे फोटो काढणारी सूट नावाची दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या पुढाकारानं बनली आहे. या यानाची माहिती इस्रो लोकांसाठी खुली करते. इंग्रजीची आणि कॉम्प्युटरची थोडी तयारी असली तर नववी-दहावीची मुलंही ती चित्रं उघडून पाहू शकतात, शाळेत नेट चाललं तर.

प्रश्न : घरी जुनी एक्स-रेची फिल्म आहे, त्यातून डाग पाहिले तर चालतील का? आजोबा काजळी धरलेल्या काचेतून बघायचे.
(बारावीचा विद्यार्थी, आरमोरी, जि. गडचिरोली)

उत्तर : नाही. एक्स-रेची फिल्म नाही, काजळीची काच नाही, दोन-तीन गॉगल एकावर एक नाही, पाण्याच्या घमेल्यातलं प्रतिबिंब टक लावून बघणं नाही. उजेड कमी वाटतो म्हणून डोळा मिटत नाही आणि न दिसणारी किरणं आत जात राहतात, आणि डोळ्याचा मागचा पडदा भाजताना दुखत नाही, कळतं ते दुसऱ्या दिवशी. वेल्डिंगवाल्याची काच चालते पण फक्त १४ नंबरची, दुकानात बहुतेक १० ते १२ ची असते तेव्हा नंबर वाचल्याशिवाय हात लावू नको, आणि दुर्बिणीच्या डोळा लावायच्या बाजूला कुठलीही काच लावून बघणं तर अजिबातच नाही. वर दारव्ह्याच्या पोरीनं केलं ते कर. पाच रुपयांचा आरसा, पाच मिलिमीटरचं भोक, समोर अंधारी खोली, आणि बघायचं भिंतीकडं, सूर्याकडं पाठ करून.